कळकलेला काढा

मी एक जुना तांब्याचा टोप आहे. मालवणजवळच्या आचऱ्यातल्या एका घरात चुलीवर बसलो आहे. आठ वर्षांनी माझ्याखाली जाळ लागला आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या भांड्याला याचा केवढा आनंद व्हायला हवा! पण मला भीती वाटते आहे. माझ्यातल्या पाण्याला उकळी फुटायच्या आत माझी गोष्ट तुम्हांला सांगून टाकतो.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हा मी असा काही लखलखत होतो, की आक्काच्या वडिलांनी दुसऱ्या भांड्याकडे पाहिलंच नाही. मसुऱ्याहून आक्का लग्न होऊन इथे आली, ती मला घेऊनच. मिरवायची मला भारी हौस. भात-आमटीसाठी ती मला कधी वापरायची नाही. मी फक्त काढ्याचा टोप. गवती चहा, आलं, तुळस, चार मिरी आणि पित्त असेल तर थोडी सोलं, म्हणजे कोकमं. पावसाळ्यात कुणाला पडसं झालं, घसा धरला, की वाडीतले लोक वाटी घेऊन आक्काकडे यायचे. दोन घोट पोटात गेले की घाम यायचा, छाती मोकळी व्हायची. काढा गुणी होता, यात खोटं काही नाही. तेव्हा माझ्या पोटात पांढरी शुभ्र कल्हई होती. शिवाय आक्का काढा उकळला की लगेच गाळून मातीच्या मडक्यात ओतायची.

पुढे कल्हई झिजली. दरवर्षी चतुर्थीच्या आधी तळेऱ्याहून धोंडू कल्हईवाला यायचा आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, भाता मांडून बसायचा. घरातली सगळी भांडी त्याच्यापुढे जायची, मी सोडून. "औषदाच्या भांड्याक कल्हई नको. तांब्याचो गुण काढ्यात उतराक व्हयो," आक्का म्हणायची. ते ऐकून मी फुगायचो. हे मी आज शरमेने सांगतो आहे. मग आक्काचे हात कापू लागले, ओतताना काढा सांडू लागला, आणि तो रात्रभर माझ्यातच राहू लागला.

एक्क्याऐंशी सालच्या पावसाळ्यात आक्काची नात तुळसा तापाने पडली. आठ वर्षांची पोर. आक्काने तिला काढा सुरू केला. दोन दिवसांत ताप उतरला, पण उलट्या सुरू झाल्या. आक्का म्हणाली, पित्त खवळलंय. तिने काढ्यात सोलं वाढवली. ते आंबट पाणी माझं उघडं तांबं चाटत होतं. माझ्या पोटात हिरवट डाग धरला, तो मला कळत होता. पण मी सांगणार कसा?

"आक्का, तोंडात पैसो धरल्यासारख्या लागता," तुळसा रडत म्हणाली.

"औषद कधी गॉड लागता काय गो? पी बघूया."

उलटी झाली की काढा, आणि काढा घेतला की उलटी. तुळसाच्या आईने, विमलाने, तिला मालवणला डॉक्टरकडे नेलं. तिथे सलाईन लावलं. तीन दिवसांत पोर हसू लागली. घरी आली, आणि त्याच संध्याकाळी आक्काने मायेने मला पुन्हा चुलीवर ठेवलं. चार दिवसांत तुळसाचे डोळे पिवळे पडले. तिला उठून बसवत नव्हतं.

त्याच आठवड्यात धोंडू आला. पडवीत पालथा घातलेला मी त्याला दिसलो. त्याने मला उचलून आत बोट फिरवलं आणि बोट पाहतच राहिला.

"आक्का, ह्यात ताक ठेवशीत?"

"खुळो की काय तू? ताक कळकात ना!"

"मगे सोलां घातललो काढो कळकाचो नाय?"

आक्काने वाकून माझ्या आत पाहिलं. उघड्या तांब्यात ताक कळकतं, आमटी कळकते आणि अंगाला बाधते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण काढा मुळातच कडू. त्याची चव बिघडली, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही.

धोंडू तिथल्या तिथे कल्हई लावायला निघाला होता. तिने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. आता कल्हई लावली, तर सून कारण विचारणार! "कोणाक बोला नको रे, धोंडू," एवढंच ती म्हणाली. मला तिने माळ्यावर नेऊन टाकलं.

काढा थांबला आणि तुळसा महिन्याभरात खेळू लागली. सगळी वाडी म्हणाली, आक्काने आधी पाजलेल्या काढ्याने पोर वाचली. विमला तर सासूच्या पायाच पडली. आक्का मान खाली घालून गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा मला आजही राग येतो. एक वाक्य बोलली असती तर? पाच वर्षांनी ती गेली. घरोघरी स्टीलची भांडी आली, आणि धोंडूही यायचा बंद झाला.

आज तुळसा सोळा वर्षांची आहे. तिची धाकटी बहीण लक्ष्मी चार वर्षांची. दोन दिवस ती खोकते आहे. दुपारी तुळसा माळ्यावर चढली आणि तिने मला पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं. चिंच लावून मला बाहेरून लख्ख केलं. आत नुसतं पाणी फिरवलं. आतला डाग तिला औषधाचाच वाटला.

"ह्याच टोपातल्या काढ्यान माका वाचवल्यान," ती विमलाला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, उकळी फुटली. सोलं पडली. लक्ष्मीसाठी एक वाटी गाळून झाली.

"उरललो ऱ्हवांदे ह्यातच," तुळसा म्हणते आहे, "सकाळी तिका परत दितंय."

जुनं भांडं बाहेरून चकाकतं म्हणून त्याच्यावर विश्वास टाकू नका. आधी आत बोट फिरवा. आणि आपल्या हातून चूक झाली असेल, तर जिवंत आहात तोवर ती सांगून टाका. मला बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी आचऱ्याला असेल, तर सकाळ व्हायच्या आत या घरी या.

तुळसाने माझ्यावर झाकण ठेवलं आहे.