पाय पसरायला जागा

लकडगंजात गिरिधरच्या लाकूड कापायच्या आरामशीनपेक्षा त्याचं तोंड जास्त चालतं असं लोक म्हणत, आणि लोक काही खोटं बोलत नव्हते. म्हणूनच उन्नतीचं लग्न ठरलं त्या दिवशी दीपमालानं नवऱ्याला देवासमोर उभं केलं आणि शपथ घातली. पोरीवर अक्षता पडेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. व्याही काही म्हणोत, विहीण काही म्हणो, "हो जी" म्हणायचं आणि गप बसायचं.

"आधीचं स्थळ तुमच्या तोंडापायी गेलं," ती म्हणाली. "हे पोरीनं स्वतः पसंत केलं आहे. हे गेलं तर ती आपलं तोंड पाहणार नाही."

गिरिधरनं शपथ घेतली. एकुलती एक पोर, तिशी ओलांडलेली, तिकडे व्हिएन्नात नोकरीला. तिथंच तिला विक्रम भेटला, आणि तोही नागपूरचाच निघाला, धंतोलीचा. वडील शरच्चंद्र सरकारी खात्यातून मोठे साहेब होऊन निवृत्त झालेले, आई अरुंधतीबाई. आपण लाकूडवाल्याची पोरगी करतोय हे दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण गिरिधरच्या घरी चहा घेताना कप ज्या तऱ्हेनं ते खाली ठेवत त्यावरून त्याला कळायचं. कळायचं आणि तो गिळायचा.

लग्न मार्गशीर्षात, नागपूरला. त्याआधी पोरांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना तिकडं बोलावलं. आधी व्हिएन्ना, मग सगळ्यांनी मिळून चार दिवस लिस्बन. आता वरपक्ष सोबत म्हणजे मानपान आलंच. गिरिधर गेला सौरवकडे, जो सीताबर्डीत बसून तिकिटं काढून देतो.

"काकाजी, दिल्लीपासून बिझनेस क्लासनं नेसान तर आरामशीन विकावी लागंल," सौरव म्हणाला. "पण तिकडं युरोपातल्या युरोपात स्वस्त पडते. व्याह्याले तेवढ्यात पुढं बसवा, तुम्ही मागं बसा. मान बी झाला अन् काम बी."

"पाय लंबे करून झोपता येते नं गा?"

"बिझनेस आहे काकाजी. पलंग असते, पलंग."

सौरव स्वतः रायपूरच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता, हे गिरिधरला फार उशिरा आठवलं. त्यानं त्याच संध्याकाळी धंतोलीला जाऊन विहीणबाईंना सांगून टाकलं, की लिस्बनच्या विमानात तुमच्यासाठी पुढचं बुक केलं जी, पलंग आहे, झोपून जा. अरुंधतीबाई त्याच्याकडे पाहून पहिल्यांदाच हसल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टा लावून काठीनं चालायच्या, त्यांना तर पलंगाचं फारच बरं वाटलं. आठवडाभरात त्यांच्या सगळ्या बहिणी-भावजयांना ही बातमी पोचली होती.

तर व्हिएन्नाचं विमानतळ. सकाळची वेळ. गेटवर एक लोखंडी सांगाडा ठेवलेला, त्यात ज्याची त्याची बॅग कोंबून बघत होते. बसली तर बसली, नाही तर भरा दंड. एक म्हातारा माणूस बॅगेवर गुडघा देऊन ती सांगाड्यात दाबत होता आणि मागचे दीडशे लोक गप्प उभे राहून बघत होते. गिरिधरच्या मनात आलं, आमच्या बाजारात हमालाशीसुद्धा कोणी असं वागत नाही. पण शपथ होती. तो बोलला नाही.

मग बस आली. पुढच्या तिकिटाचे, मागच्या तिकिटाचे, सगळे एकाच बसमध्ये भरले. बस विमानापाशी जाऊन उभी राहिली ती उभीच राहिली, दारं उघडी, थंडगार वारा आत. अरुंधतीबाईंना बसायला जागा नव्हती. कुण्या उंच गोऱ्याच्या काखेखाली त्या काठी धरून उभ्या होत्या, आणि त्या काखेला वास होता.

"गिरिधरराव, हा बिझनेस?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"आतमध्ये असंल जी," गिरिधर म्हणाला.

आतमध्ये काही नव्हतं. सागाच्या फळ्या नजरेनं मोजण्यात ज्याची हयात गेली त्याला काय सांगायचं. तिसऱ्या रांगेची सीट आणि शेवटच्या रांगेची सीट एकाच मापाची, एकाच कारखान्यातली. तीच पातळ गादी, पाठ मागे जात नाही, पुढच्या सीटची पाठ गुडघ्याला टेकते. मान तो काय, तर तीन सीटांच्या ओळीत मधली रिकामी ठेवलेली आणि मागं एक करडा पडदा. बस. या पडद्यासाठी गिरिधरनं व्याह्याला पलंग सांगितला होता. अरुंधतीबाई पट्ट्याचा गुडघा वाकवायला गेल्या, तो वाकेना, सीटमध्ये मावेना, शेवटी तिरक्या बसल्या आणि गिरिधरकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो मान खाली घालून मागं निघाला. पोरांच्या आणि आपल्या सीटा मशीननं वाटल्या होत्या, जिथं मिळेल तिथं. आणि मशीनची चेष्टा बघा. गिरिधर आणि दीपमाला यांना जागा मिळाली मधल्या आपत्कालीन दाराशी. तिथं समोर एवढी मोकळी जागा असते, की दार उघडून लोकांना बाहेर पळता यावं. मुलीचा बाप आपल्या साध्या तिकिटात पाय लांब करू शकत होता आणि वराची आई मानाच्या तिकिटात गुडघा धरून बसली होती. उन्नती पलीकडच्या बाजूला, एक रांग मागं. तिनं ती जागा पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

पाच मिनिटांत विक्रम आला. "काका, आईला इथे बसू द्या ना. तिचा पाय वाकत नाहीये."

"अरे, याच्यात काय विचारतं," गिरिधर उभाच राहिला. त्याला वाटलं, सुटलो.

अरुंधतीबाई काठी टेकत मागं आल्या. सीटपाशी पोचतात तो हवाईसुंदरी आडवी आली. तिनं काठी पाहिली, पट्टा पाहिला, आणि इंग्रजीत सांगितलं की इथं नाही बसता येणार. इथं धडधाकट माणूसच लागतो, दार उचलून फेकायला. विक्रम वाद घालायला लागला, ती हसत हसत नाही म्हणत राहिली. सगळं विमान बघत होतं. अरुंधतीबाई तशाच वळल्या आणि पडद्यापलीकडे गेल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

विमान वर गेलं. पुढं मानाचं जेवण आलं, थंडगार मासा आणि दोन ऑलिव्ह. वरपक्ष शाकाहारी. सौरवनं शाकाहारी लिहिलं होतं म्हणे, विमानवाल्यांकडे पोचलं नव्हतं. दोघांनी पाव कुरतडला. मागं तर पाण्याची बाटलीसुद्धा विकत, आणि गाडी फिरायची ती अत्तरं आणि लॉटरीची तिकिटं विकायला. शेजारच्या खिडकीतल्या माणसानं मोजे काढून पाय भिंतीला लावले होते. टेबल उघडावं तर आधीच्या प्रवाशाचं काहीतरी गोड, चिकट त्याला वाळलेलं. गिरिधरला शिसारी आली. आरामशीनीत भुसा असतो, घाम असतो, पण ही अशी थंड, हसतमुख घाण त्यानं पाहिली नव्हती.

दीपमालानं वरून डबा काढला. तिखट पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. "नेऊन द्या त्याहीले," ती म्हणाली. "उपाशी असतील."

डबा घेऊन गिरिधर पुढं गेला. पडद्याला हात लावला तर तीच हवाईसुंदरी आली आणि बोटानं मागं जा म्हणाली. पुढच्या लोकांना त्रास होतो. गिरिधरनं डबा दाखवला. तिनं नाक मुरडलं. पडद्याच्या फटीतून त्याला व्याह्याचं डोकं दिसत होतं, हाकेच्या अंतरावर. हा पडदा त्यानंच विकत घेतला होता. तो डबा घेऊन परत आला, आणि त्याला त्या बाईपेक्षा, त्या विमानापेक्षा, स्वतःची जास्त किळस आली.

आणि मग लिस्बन येईपर्यंत त्यानं पाय पसरले नाहीत. समोर बिछाना घालावा एवढी जागा, पण विहीणबाई तिकडे तिरक्या बसल्यात, आपण कसे पसरावेत. गुडघे जवळ घेऊन, हात त्यांच्याभोवती बांधून बसून राहिला. पोटऱ्यांत गोळे आले. दीपमाला म्हणाली, "सोडा ना पाय." तो म्हणाला, "राहू दे."

लिस्बनमध्ये व्याही-विहीण फार बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर तेवढंही बोलले नाहीत.

नागपूरला आल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी ते लकडगंजात आले. साखरपुडा जवळ आला होता, पोरंही सुट्टी काढून आली होती. गिरिधरची बैठक तशी चिंचोळी. दारालगत दिवाण, त्यावर तो, समोर सोफ्यावर व्याही-विहीण, कडेला विक्रम, स्वयंपाकघराच्या दारात उन्नती आणि दीपमाला. मागं आरामशीन चालू होती.

"जे झालं ते झालं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "पण आमचा अपमान झाला आहे, हे तुम्ही मान्य कराल. आम्ही उपाशी, पाय आखडून, आणि तुम्ही मागे पुऱ्या खात, वास येत होता आम्हाला, आरामात पाय पसरून. नातेवाइकांत मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तेव्हा आमचं एवढंच म्हणणं आहे. साखरपुड्याला, सगळ्यांसमोर, दीपमालाताईंनी माझे पाय धुवावेत. रीतीप्रमाणे. मग आमच्या मनात काही नाही."

पाय धुण्याचं हे प्रकरण आपल्या लग्नात नको, असं उन्नतीनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं, आणि विक्रमनं हो म्हटलेलं होतं. गिरिधरनं विक्रमकडे पाहिलं. विक्रम मोबाइलच्या काचेवर बोट फिरवत होता.

गिरिधरच्या घशात नागपूरच्या शिव्यांचा सगळा साठा आला. पण त्याला देवासमोरची शपथ दिसली आणि पोरीचं तोंड दिसलं.

"हो जी," तो म्हणाला.

बायकोचे हात दुसऱ्याच्या पायांना लावायचं तो असं कबूल करून बसला, तिला विचारलंसुद्धा नाही.

"बाबा," उन्नती म्हणाली. ती दारातून आत आली. "काकू, बाबानं पाय पसरले नव्हते. मी मागंच बसली होती. सगळा वेळ त्याइचे पाय पाहून राहिली होती. तुम्हाले त्रास होऊन राहिला म्हणून ते पाय पोटाशी घेऊन बसले. उतरताना त्याइले उभं राहता येत नव्हतं." मग ती विक्रमकडे वळली. "तू पण पाहिलं होतं. तू बाथरूमला जाता-येता पाहिलं. सांग ना."

विक्रमनं मोबाइल खिशात ठेवला. "पाहिलं ना. पण आता तो विषय कशाला? एका दिवसाचा प्रश्न आहे उन्नती. पाच मिनिटांचा. आईचं मन राख. नंतर आपण आपले तिकडेच असणार आहोत."

"तिकडं असताना तू काही बोलला नाहीस. इथंही बोलून नाही राहिला."

"बोलण्यासारखं काय आहे त्यात?"

उन्नती त्याच्याकडे बघत राहिली. तीन वर्षं ओळखीचा माणूस, पण त्याच्याकडे अशी बघत होती की जणू आता नवा कळला. रडली नाही. आवाजही चढला नाही.

"माझ्याकडून हे लग्न नाही," ती म्हणाली. "माझी आई कोणाचे पाय धुणार नाही."

अरुंधतीबाईंचा हात काठीवर गेला. शरच्चंद्र म्हणाले, "गिरिधरराव, तुमच्या मुलीला समजवा."

गिरिधरनं दीपमालाकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ही आपल्याला कच्चं खाणार, हेही स्थळ गेलं म्हणून. दीपमाला पदरानं हात पुसत होती, ओले नसलेले हात पुसतच होती.

"अहो," ती म्हणाली. "सोडली शपथ. बोला आता."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. लकडगंजातल्या सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस आता काय बोलतो, म्हणून विक्रमनंसुद्धा मान वर केली. आणि गिरिधरला नवल वाटलं, की घशापर्यंत आलेला तो सगळा साठा कुठं गेला कोण जाणे. बोलावंसंच वाटेना. पोटऱ्या मात्र ठणकत होत्या, विमानातून उतरल्यापासून ठणकतच होत्या.

तो दिवाणाच्या कडेवर पुढं सरकला आणि त्यानं दोन्ही पाय सरळ केले. आधी डावा, मग उजवा. सावकाश, पार टाचेपर्यंत. ते व्याह्याच्या चपलांपर्यंत पोचले. पाहुण्याकडे पाय करून कोणी बसत नसतं, हे त्यालाही माहीत होतं.

"चला," शरच्चंद्र म्हणाले आणि उठले. अरुंधतीबाई उठल्या, विक्रम उठला. दाराकडे जायची वाट त्या पायांवरून होती. तिघं तिथं येऊन थांबले. शरच्चंद्र एकदा खाकरले. "जरा पाय घेता का," ते म्हणाले.

"मागं दार आहे जी," गिरिधर म्हणाला. "आरामशीनीतून. तिकडून निघा."

उन्नती पुढं झाली आणि तिनं अरुंधतीबाईंच्या हाताला धरलं, कारण मागं तीन पायऱ्या होत्या आणि त्यांचा गुडघा वाकत नव्हता. ती त्यांना भुशातून सांभाळत रस्त्यापर्यंत सोडून आली. परत येऊन ती बापाशेजारी दिवाणावर बसली, आणि तिनंही पाय लांब केले.