सगळ्यांच्या डोळ्यांदेखत

"हे काय आणलंस?" लंकाबाईनं प्लास्टिकची डबी उजेडाकडं धरली. "ही थुंकी हाय सूरज. निस्तं पाणी!"

"पयल्या बारीलाबी एवढंच दिलं व्हतं मावशी. रिपोर्टात काय न्हाई निघालं."

"निघंल कसं? जंतू बसलाय छातीत, अन् तू देतोस तोंडातली लाळ. दवाखान्यातल्यांनी काय लाळंत देव शोधायचा?"

कॉलेजच्या मागं, होस्टेलच्या भिंतीला लागून लंकाबाईचं कँटीन होतं. चार पत्रे, दोन बाकडी, एक स्टोव्ह. २००३ चा डिसेंबर होता. सकाळच्या थंडीत सूरज अंगाभोवती शाल घट्ट ओढून उभा होता. पोरगा तळेघरच्या वरच्या वस्तीवरचा, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या आधीपासून खोकत होता. संध्याकाळी अंग तापायचं. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडून झाली होती. खोकल्याच्या तीन बाटल्या संपल्या, मग सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. जंतू नाहीत, असा कागद मिळाल्यावर सूरज नाचायचाच बाकी होता. पटलं नव्हतं ते एकट्या लंकाबाईला.

तिला काही शास्त्र येत नव्हतं. पण तीस वर्षं तिनं कीर्तनं ऐकली होती. जुन्नरपासून भीमाशंकरपर्यंत कुठंही सप्ताह असो, लंकाबाई मांडवात पुढच्या रांगेत. आवाज गळ्यातून आला की छातीतून की पार पोटातून, हे तिला डोळे मिटून कळायचं. सूरजचा खोकला खोल होता आणि डबीतला ऐवज उथळ. एवढं तिला पुरेसं होतं.

"चूळ भर आधी. आता बुवा गजर घ्यायच्या आधी श्वास घेत्यात ना, तसा घे. पोटातून. धर. आजून धर. हां, आता खोकल!"

दोनदा नुसता वारा आला. तिसऱ्या खेपेला सूरज कमरेत वाकला आणि छातीच्या तळातलं जे यायला हवं होतं, ते डबीत आलं. लंकाबाईनं झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी ती डबी अशी धरली, जशी काही तीर्थाची पळी.

तीन दिवसांनी कागद आला. टीबीचे जंतू सापडले होते.

"सहा महिने औषध," दवाखान्यातल्या आरती सिस्टर म्हणाल्या. "फुकट आहे, पण एक अट. दिवसाआड गोळ्या कुणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यायच्या. याचं घर लांब. इथं समोर बसून गिळवणार कोण?"

"मी," लंकाबाई म्हणाली.

सूरजच्या नावाची औषधाची पेटी कँटीनच्या फळीवर, विठोबाच्या तसबिरीशेजारी जाऊन बसली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सुरुवातीला एका वेळी सात गोळ्या. पहिल्याच दिवशी दुपारी सूरज पांढराफटक होऊन धावत आला.

"मावशी, लघवीतनं रगत पडतंय! मला न्हाई घ्यायच्या तुमच्या गोळ्या!"

"आरं खुळ्या, त्यो गोळीचा रंग हाय. सिस्टर सांगत व्हत्या तवा तुझं ध्यान कुठं, त्या केसपेपरच्या खिडकीतल्या पोरीकडं?"

सूरज लाजला. काही आठवड्यांनी ताप उतरला, जेवण जायला लागलं. फेब्रुवारीत पुन्हा डबी दिली. त्यात जंतू नव्हते, आणि या वेळी लंकाबाईचीही खात्री होती.

पण तोवर पेटीवरचं रोगाचं नि सूरजचं नाव कपिलनं वाचलं होतं. कपिल म्हणजे होस्टेलचा वाजंत्री. एक गोष्ट कानावर पडली की गावभर.

"राव, मावशीच्या चहात आता दूध, साखर अन् टीबी!" तो वर्गात ओरडला, नि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

दुसऱ्या दिवसापासून पोरं कँटीनला घरचे गिलास आणू लागली. वर्गात सूरजच्या बाकड्यावर दुसरं कुणी बसेना. मौज अशी, की त्याच महिन्यात कॉलेजात क्षयरोगाची प्रश्नमंजूषा झाली आणि एकाचंही उत्तर चुकलं नाही. रोग कशानं पसरतो, औषध किती दिवस, सगळं पाठ. 'रुग्णाला आपलेपणा द्या' या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. ते काढणारी अमृता सूरजच्या पुढच्या बाकावर बसायची. पोस्टर भिंतीवर लागलं त्याच दिवशी ती तीन बाक पुढं सरकली.

मार्चच्या तेवीस तारखेला सूरज होस्टेलवर बॅग भरूनच कँटीनला आला.

"उद्या दुपारच्या गाडीनं जातो मावशी. खोकला गेला, ताप गेला. आता कशाला गोळ्या? अन् हितं कुणासाठी ऱ्हायचं?"

लंकाबाईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. अकरा वर्षांपूर्वी हेच शब्द तिनं घरच्या ओट्यावर ऐकले होते.

"माजा मालक असंच म्हनला व्हता," ती हळू म्हणाली. "चार म्हयनं औषध झालं. गडी गुटगुटीत दिसाय लागला. श्रावण आला, भीमाशंकरला आमची पेढ्याची टपरी, यात्रेचा रेटा. म्हनला, बरा तर झालोय, आता नगं. पुढल्या श्रावणात टपरी लावाय त्यो न्हवता."

सूरज पाठ फिरवून होस्टेलकडं निघून गेला.

चोवीस मार्चला क्षयरोग दिनाचं व्याख्यान होतं. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवत पाऊण तास सांगितलं. दोनशे पोरं जांभया देत होती. "कुणाला काही शंका?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला हाय," दारातून आवाज आला. चहाची किटली घेऊन लंकाबाई उभी होती. पोरं खिदळली. डॉक्टर माणूस भला, म्हणाले, "या मावशी, पुढं येऊन बोला."

लंकाबाई पुढं आली. किटली टेबलावर ठेवली, पदर खोचला, आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून तोंडातून निघालं, "रामकृष्ण हरी!"

"रामकृष्ण हरी!" अर्धं सभागृह आपसूक बोलून गेलं. सगळी सप्ताहाच्या गावांतलीच पोरं! लंकाबाईला जीव आला.

"टीबी कपातनं जातो का हवेतनं?"

"हवेतनं!"

"औषध किती म्हयनं?"

"सहा!"

"अन् सगळं घेतलं, तर मानूस व्हतो..." बुवा चरण अर्धा सोडतात तसं तिनं वाक्य सोडून दिलं.

"बरा!" छत दणाणलं.

"वा माज्या राजांनो! शंभरात शंभर. मंग माज्या कँटीनला घरनं गिलास का आणता रं?"

पुढच्या रांगेतल्या पोरांनी माना खाली घातल्या.

"मी तुमाला नावं ठिवणार न्हाई. म्या तर नवऱ्याचं ताट गोठ्याच्या वळचणीला ठिवलं व्हतं. त्यो तिथं एकला जेवायचा, अन् म्या आतून बघायची. त्या ताटानं कुणाचंच भलं झालं न्हाई. गोळ्या सुटल्या म्हनून त्यो गेला. म्या ताट संबाळत बसले, गोळ्या संबाळायच्या ऱ्हायल्या. एवढंच सांगायचं व्हतं. तीन आठवड्याच्या वर कुणी खोकत आसंल, तर उद्या सकाळी डब्या घिऊन बसते. लाज माज्याकडं ठेवा, मी संबाळते."

ती किटली उचलायला वळली, तर मागच्या दारात उभं राहून सगळं ऐकलेला सूरज खांद्याला बॅग लावून सरळ मधल्या वाटेनं पुढं येत होता. तळेघरची गाडी सुटायला दहा मिनिटं होती.

"मावशी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आज बुधवार. माज्या गोळ्या ऱ्हायल्यात."

लंकाबाईनं कमरेच्या पिशवीतून पाकीट काढलं. सकाळपासून ते पाकीट घेऊन ती होस्टेलला दोन चकरा मारून आली होती. सूरजनं गोळ्या हातावर घेतल्या. "पाणी?" तो इकडंतिकडं बघायला लागला.

तिसऱ्या रांगेतून अमृता उठली आणि आपली बाटली त्याच्या हातात दिली. सूरजनं एकेक गोळी गिळली, दोनशे जणांच्या डोळ्यांदेखत. अमृतानं बाटली परत घेतली. क्षणभर हातातच धरली. मग तोंडाला लावून उरलेलं पाणी पिऊन टाकलं. टाळ्या पहिल्यांदा कुणी वाजवल्या, कळलं नाही. पण लंकाबाईला वाटलं, काल्याच्या कीर्तनात दहीहंडी फुटताना व्हायचा, अगदी तसा गलका झाला.

गाडी गेली. सूरज राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कँटीनपुढं चार जण उभे होते. सगळ्यात पुढं कपिल. त्याच्या चेहऱ्यावरचा मिश्कीलपणा पार पळाला होता.

"खोकल्याला दीड म्हयना झाला मावशी. मला वाटलं, हसून हसून येतो."

"बोलू नगंस. चूळ भर."

चौघांतल्या दोघांना औषध लागू झालं, कपिल आणि जुन्नरकडची एक मुलगी. फळीवर तीन पेट्या झाल्या, विठोबाला जरा कडेला सरकावं लागलं. घरचे गिलास कधी बंद झाले, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

जूनमध्ये सूरजची शेवटची तपासणी झाली. आरती सिस्टरांनी मोठं रजिस्टर उघडलं, त्याच्या नावापुढं काहीतरी लिहिलं आणि हसत म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं."

"काय लिवलं, दावा की," लंकाबाई म्हणाली.

तिला अक्षरं थोडीच लागायची, पण स्वतःचं नाव ओळखीचं होतं. 'गोळ्या देणारी व्यक्ती' या रकान्यात तेच नाव तीन ओळींत तीनदा होतं.

"हे तर मीच की. अन् ह्ये शेजारी, आज लिवलं त्ये?"

"बरा," सूरज म्हणाला.

लंकाबाईनं तर्जनी पदराला पुसली आणि त्या दोन अक्षरांवरून हलकेच फिरवली. शाई ओली होती, म्हणून लगेच उचलली.