मकियानच्या लवंगेची हरकत

विषय : मकियान बेटावरील लवंगेचे एक झाड न मारण्याबाबत.
संदर्भ : कंपनीचा हुकूम. नेमून दिलेल्या बेटांखेरीज अन्यत्र लवंग आढळल्यास नष्ट करावी.

वरील विषयातलं झाड मीच. मी लवंग बोलते आहे.

हलिमाला मुलगी झाली त्या दिवशी तिच्या नवऱ्याने, जाफरने, मला घरामागच्या उतारावर लावलं. मूल जन्मलं की लवंग लावायची, ही आमच्याकडची रीत. दोघींचा जीव एकच. झाड वाळलं तर मूलही जातं, असं इथली माणसं मानतात. त्यामुळे त्या मुलीला, नूरसियाला, पडसं झालं की माझ्या मुळाशी पाणी पडायचं, आणि माझी फांदी मोडली की तिला घराबाहेर सोडत नसत.

पूर्वी लांबलांबचे व्यापारी यायचे, घासाघीस करायचे, सागूची भाकरी खाऊन कळ्या घेऊन जायचे. मग डचांची कंपनी आली. तिला लवंग फार आवडली. इतकी, की ती दुसऱ्या कुणाकडे असूच नये असं तिला वाटू लागलं. झाडं मारायला इथल्या सुलतानांनी संमती दिली. झाडं काही त्यांनी लावली नव्हती, त्यामुळे त्यांना फारसं जड गेलं नाही.

अंमलदार शिपाई घेऊन आला तेव्हा मी कळीवर होते. कळीवरच्या लवंगेला इथे गरोदर बाईसारखं जपतात. जवळ विस्तव न्यायचा नाही, डोकं झाकून जायचं नाही, आवाज चढवायचा नाही. दचकली तर कळ्या गाळते, म्हणे.

अंमलदार टोपी घालून, पेटती चिलीम ओढत माझ्याखाली उभा राहिला आणि दुभाष्यावर ओरडला, "कुणाची हरकत आहे का, विचार!"

सारा गाव उघड्या डोक्याने उभा होता. जाफर कुजबुजला, "आहे हो हरकत. माझ्या मुलीचं झाड आहे. साहेबांना आधी टोपी काढायला सांगा."

"मोठ्यांदा बोल की! तोंडात सागू धरलायस का?" दुभाषा खेकसला.

"हळू हो! कळीवर आहे ती. किनाऱ्यावर चला, तिथे हवं तेवढं ओरडतो."

"दादा," हलिमा हात जोडून पुटपुटली, "पोटुशी बायको समोर असती तर असे खेकसला असता का?"

अंमलदाराच्या कानापर्यंत काहीच पोचलं नाही. त्याने लिहून घेतलं : ग्रामस्थांची हरकत नाही. मग शिपायांनी बुंध्याभोवती माझी साल सोलून काढली. अशाने झाड उभ्या उभ्या, सावकाश मरतं. तोडायचे कष्ट वाचतात.

जाफर किनाऱ्यावर धावला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला. होडीत बसलेल्या अंमलदाराने या खेपेला सगळं नीट ऐकलं. हरकत उशिरा आली असल्याने लेखी अर्ज करावा, असं त्याने दुभाष्यामार्फत कळवलं.

अर्ज गेला. कंपनीच्या इथल्या किल्ल्यातून तो मोठ्या किल्ल्यात अभिप्रायासाठी गेला.

आता माझी पानं रोज गळतात. नूरसिया उठायच्या आत हलिमा ती झाडून समुद्रात टाकून येते. काल पोरीने विचारलंच, "आई, माझं झाड असं उघडं का दिसतंय?"

"ऊन खातंय, बाळा," हलिमा म्हणाली, आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

अर्ज विचाराधीन आहे.