पुसलेला निळा डाग

मी एक जुनी पटाशी आहे. मूठ तिसरी, पाते मात्र पहिलेच. लाकडात खाचा पाडायच्या, सांधे घट्ट बसवायचे, यातच माझा जन्म गेला. लोहाराने मला तापवून विझवले, पुन्हा बेताने शेकले, तेव्हा माझ्या अंगात कणखरपणा आला. मित्रांनो, याला पोलादाला पाणी देणे म्हणतात. ते उतरले, तर धार टिकत नाही.

माझे मालक सुतार. दुकान उघडले की ते आधी मला दगडावर घासत आणि मनगटावरचे केस भादरून धार पाहत. त्यांच्या डाव्या मनगटावर कायमचे टक्कल पडले होते.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. खाचा तिरक्या जाऊ लागल्या. दुकान सुनेने सांभाळले आणि मालकांकडे धार लावण्याचे एकच काम उरले. त्यावरही ते खूश होते. मग सुनेने विजेवर फिरणारी सहाण आणली.

"बाबा, आता दगड घासत बसू नका. बटण दाबलं की झालं," ती म्हणाली.

"बरं झालं. आता एक खिळा ठोक आणि मलाही भिंतीला टांग."

ती हसली. मालक हसले नाहीत.

एका दुपारी ती गिऱ्हाइकाकडे दाराचे माप घ्यायला गेली. मालकांनी मला उचलले आणि बटण दाबले. आपल्यालाही हे जमते, हे त्यांना दाखवायचे होते. चाकाशेजारी पाण्याचे भांडे होते. सून मला चाकाला जरा टेकवी आणि लगेच त्यात बुडवी. मालकांच्या हाताला मात्र दगडावर दाबून घासायची सवय. त्यांनी तसेच दाबले. ठिणग्या उडाल्या, मला चटका बसला आणि माझे टोक निळे पडले.

निळे पडले म्हणजे पोलादाचे पाणी उतरले, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. मग जुना दगड काढून त्यांनी मला लख्ख घासले. डाग गेला. मऊपणा आतच राहिला. त्यांनी मला निमूटपणे जागेवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सून एक कठीण लाकूड कोरू लागली. माझी धार पुन:पुन्हा दुमडे. ती पुन:पुन्हा सहाणेकडे जाई.

"बाबा, हिला काय झालंय, बघता का जरा?"

"बघतो नंतर," ते म्हणाले. मान वर केली नाही.

तिने जास्त जोर लावला. मी घसरले आणि तिच्या डाव्या अंगठ्याखाली रुतले. बोलता आले असते, तर मी ओरडले असते.

टाके घालून ती दुकानात आली. "मलाच धार लावता येत नाही. यंत्र परत देऊन टाकते."

"तुझं काही चुकलं नाही, पोरी," मालक म्हणाले. "मी जाळली तिला. वर निळं पुसून ठेवलं."

सून बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. "मी विचारलं तेव्हा तरी सांगायचंत, बाबा."

मग तीच म्हणाली, "तेवढा भाग घासून काढा. माझा हात चालत नाही."

मालक चाकापाशी बसले. ती शेजारी उभी राहिली.

"बुडवा."

"बुडवतो."

"आता पुन्हा."

"बुडवतोय गं."

मऊ पोलाद झिजून गेले. मी आखूड झाले. मालकांनी मनगटावर धार पाहिली, केस अलगद गळले. सून हसली नाही. पण यंत्र परत गेले नाही, आणि आता धार दोघे मिळून लावतात. जखम भरून आली, तरी तिचा अंगठा माझ्या मुठीभोवती पुरता वळत नाही.

मित्रांनो, हत्यार तापू लागले की थांबा, त्याला पाण्यात बुडवा. आणि चुकून ते निळे पडलेच, तर डाग पुसू नका. जो ते हातात घेणार आहे, त्याला आधी दाखवा.