डुलकीकाकांचं अनुमोदन

साठी उलटल्यावर आमच्या सासूबाईंनी सायकल शिकायला घेतली आणि घरात एकच गोंधळ उडाला. सासरे म्हणाले, "हाडं मोडून घेशील." नणंद फोनवर म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" सासूबाई म्हणाल्या, "म्हणतील काय, बाजूला होतील." मी अर्थातच त्यांच्या पक्षात. रोज सकाळी गल्लीमागच्या मोकळ्या मैदानावर मी सीट धरून त्यांच्यामागे धावायची आणि घामाघूम होऊन ऑफिस गाठायची. तोल त्यांना जमला होता. वळणं आणि थांबणं तेवढं बाकी होतं, त्यामुळे मैदान जेवढं होतं तेवढं सगळं लागायचं.

आणि नेमकं तेच मैदान हातचं जायची वेळ आली.

मी नगरसभेची सचिव. सभेत ठराव वाचायचे, कोण काय बोललं ते लिहायचं, आणि भांडणं लागली की नियमांचं पुस्तक शोधायचं, हे माझं काम. शहरातल्या बागा आणि मोकळ्या जागांचा आराखडा तयार होता. तो जाहीर झाला होता, लोकांच्या हरकती ऐकून झाल्या होत्या, नकाशे दुरुस्त झाले होते. आता फक्त सभेचा ठराव उरला होता. ठराव झाला की आराखड्याला कायद्याचं बळ. आज संध्याकाळपर्यंत झाला नाही, तर मुदत संपली, मैदानावरचं आरक्षण उठलं आणि मालक तिथे गाड्या ठेवायची उंच इमारत बांधायला मोकळा.

सासूबाई सकाळपासूनच वरच्या सज्जात, प्रेक्षकांत येऊन बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत सायकलची कोरी घंटी. "येता येता घेतली. ठराव झाला की उद्या बसवू," म्हणाल्या. या बाईला मी आता काय सांगू, की आमची सभा कशी चालते?

आमच्याकडे ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचकाचं नाव पाटीवर कोरलं जातं. अनुमोदकाचं कुठेच लागत नाही. त्यामुळे सूचक व्हायला झुंबड आणि अनुमोदकाच्या नावाने बोंब. वर्षानुवर्षं ही अडचण एकटे डुलकीकाका सोडवत आले होते. सभेतले सगळ्यात जुने सदस्य. सभा सुरू झाली की त्यांची मान छातीवर. अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली की दचकून उभे राहायचे, "माझं अनुमोदन आहे" म्हणायचे आणि पुन्हा झोपायचे. गावातले दिवे, गटारं, पूल, सगळं त्यांच्या झोपेवर उभं होतं. एकदा त्यांनी स्वतःच्याच निषेधाच्या ठरावाला अनुमोदन दिलं होतं.

आज मात्र घोळ झाला. मिशीवाले गटनेते आधी उठले आणि सूचक म्हणून त्यांचं नाव लागलं. त्यांच्याच गटातले बाकीचे रुसले. समोरचे चष्मेवाले गटनेते तर लालबुंद झाले. त्यांनी मागे वळून आपल्या माणसांना दम भरला, "कोणी अनुमोदन द्यायचं नाही. आणि काका, तुम्ही आज डोळे उघडे ठेवायचे आणि तोंड बंद."

अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली. "अनुमोदक कोण?"

सगळे छताकडे बघायला लागले. काका ताठ बसलेले, डोळे टक्क उघडे. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. तेच. तिसऱ्यांदा विचारलं आणि कोणी उठलं नाही की ठराव बारगळला. मी वर पाहिलं. सासूबाईंनी पिशवी छातीशी धरली होती. तेव्हा माझं डोकं सटकलं.

"अध्यक्षबाई," मी उभी राहिले, "परिशिष्ट वाचायचं राहिलंय. ते वाचल्याशिवाय तिसऱ्यांदा विचारता येत नाही."

"वाचलं असं समजा की," मिशीवाले म्हणाले.

"नियम आहे." नियम खरा होता. फक्त आजवर कोणी पाळला नव्हता, कारण परिशिष्ट म्हणजे शहरातल्या प्रत्येक मोकळ्या तुकड्याच्या चारही बाजूंचं वर्णन.

मी सुरू केलं. आवाज एका पट्टीत, ना वर ना खाली. "पूर्वेस गटार. पश्चिमेस भिंत. उत्तरेस तीच भिंत. दक्षिणेस गटार." पान उलटताना पंख्याच्या वाऱ्यावर कागद हळूच सळसळू द्यायचा, हेही मला सुचलं. आधी मागच्या बाकावरचे गेले. मग मिशीवाल्यांची मिशी टेबलाला टेकली. चष्मेवाल्यांचा चष्मा घसरला. "पूर्वेस रिकामी जागा, पश्चिमेस वरीलप्रमाणे." काकांच्या पापण्या जड झाल्या, सावरल्या, पुन्हा जड झाल्या आणि शेवटी मान छातीवर पडली. मला नाचावंसं वाटलं.

शेवटचं पान संपवून मी विजयाने अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्या हातावर गाल टेकून घोरत होत्या. घंटी त्यांच्या कोपराखाली.

हे काही माझ्या हिशेबात नव्हतं. सचिवाने अध्यक्षांच्या घंटीला हात लावायचा नसतो. मी खाकरले, खोकले, पुस्तक आपटलं. कोणी हललं नाही. घड्याळ पुढे चाललेलं. मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात सज्जातून आवाज आला. ट्रिंग, ट्रिंग.

काका ताडकन उभे राहिले. "माझं अनुमोदन आहे."

माझं पेन धावत सुटलं. चष्मेवाले धडपडत उठले. "ती घंटी अध्यक्षांची नव्हती!"

मी नियमांचं पुस्तक पुढे केलं. "कोणाची घंटी हे कुठेही लिहिलेलं नाही, साहेब."

अध्यक्षबाई डोळे चोळत म्हणाल्या, "मतदान घ्या." आता सज्जातल्या लोकांसमोर बागांच्या विरोधात हात वर करायची कोणाची छाती? ठराव एकमताने झाला, आणि सगळ्यात उंच हात चष्मेवाल्यांचा होता.

जिन्यात सासूबाईंनी काकांना गाठलं. "माफ करा हं, झोपमोड केली तुमची."

"झोपलं होतं कोण?" काका म्हणाले.

मी जागच्या जागी थांबले.

"जागा असतो तर गटाचं ऐकावं लागलं असतं," त्यांनी आवाज खाली आणला. "झोपेतल्या माणसाला कोण जाब विचारणार? आणि मैदानासमोरच राहतो मी. रोज गॅलरीत चहा घेताना तुम्हाला बघतो. दररोज त्याच कुंपणात जाता. तुम्हाला एकदा तरी वळलेलं बघायचंय, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घंटी बसवली. मी सीट धरून धावले, धावले आणि सोडून दिली. कुंपण जवळ आलं, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सासूबाई कुंपण डावीकडे टाकून, लांबलचक वळण घेऊन, परत माझ्याकडे येत होत्या. थांबायचं अजून आलेलं नव्हतं, म्हणून त्या जोरजोरात घंटी वाजवत होत्या.

वरून, गॅलरीतून, चहाचा कप हातात घेऊन कोणीतरी ताडकन उभं राहिलं.

"माझं अनुमोदन आहे."