शेवटचा माणूस जाईपर्यंत

पिवळं जाकीट गाइडबाईंनी पिशवीतून बाहेर काढलं, तेवढ्यात त्याने हात पुढे केला.

"द्या इकडे," तो म्हणाला आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत ते अंगात चढवून त्याने गळ्यापर्यंत चेन ओढली.

त्याची बायको आपल्या सायकलीशी उभी होती. तिने स्टँडला लाथ मारली, जरा जोरातच. शेजारी उभे असलेले सहलीतले डेंटिस्ट दचकून बाजूला झाले.

सहल अशी होती, की दिवसभर नदीकाठच्या द्राक्षमळ्यांतून सायकल चालवायची, वाटेत कुणाच्या तळघरात उतरून वाइन चाखायची आणि संध्याकाळी बोट जिथे पुढे येऊन थांबलेली असेल तिथे पोचायचं. झोपायचं बोटीवरच. सगळ्यांच्या पुढे गाइडबाई असत आणि सगळ्यांच्या मागे एक रुंद खांद्यांचा शांत माणूस असे. त्याला सगळे शेपूट म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई. मळ्यांमधले रस्ते एकासारखे एक, त्यामुळे वळण आलं की गाइडबाईंच्या मागचा, पिवळ्या जाकिटातला माणूस तिथे उतरायचा आणि हात लांब करून येणाऱ्यांना वाट दाखवायचा. मागून शेपूट येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. हे काम आळीपाळीने करायचं, असं पहिल्या दिवशी ठरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आळीही त्याची आणि पाळीही त्याचीच झाली.

तो जन्मभर शाळेत मास्तर होता. शाळेच्या सहलीत शेवटचं पोर बसमध्ये चढेपर्यंत पायरीवर उभं राहायचं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की घरातली तीन माणसं बाहेर निघाली तरी हा दाराशी उभा राहून तीन मोजायचा. लेकीच्या लग्नाच्या फोटोंत तो कुठेच नाही. पाहुण्यांच्या गाड्या नीट लावायला तो फाटकाशी उभा होता. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, असं बायकोने तेव्हा विचारलं होतं. कुणीतरी करायला हवं ना, असं तो म्हणाला होता. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला ह्या माणसाला कुणी सांगावं लागत नसे.

आता तिला मात्र त्याचा एक तास हवा होता. फक्त एक तास, शेजारीशेजारी, मध्ये कुणी नको. तिच्याकडे एक वाक्य तयार होतं. तिचं चष्म्याचं दुकान होतं, ते तिने विकलं त्याच आठवड्यात हे वाक्य तयार झालं. 'मी लेकीकडे राहायला जाणार आहे, एकटी, आणि परत येईन असं धरून बसू नका.' लेकीला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त ह्याला. घरी हे वाक्य तोंडातून फुटेना, कारण घरी तो सतत कुणाच्यातरी कामाला निघालेला असायचा. म्हणून तर तिने ही सहल काढली होती. बोटीवरच्या खोल्यांच्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठे होते, पलीकडे डेंटिस्ट कुशीवर वळले तरी कळायचं. जेवायला सगळे एका टेबलावर. राहता राहिली सायकल, तर तिथे हा कोपऱ्यावर उभा.

दर वळणावर तेच व्हायचं. ती मागून धापा टाकत यायची. तो हात लांब करून ताठ उभा असायचा आणि म्हणायचा, "उजवीकडे, उजवीकडे. चल गं, मागे पडू नकोस." पुढे थोड्या वेळाने तो बॅटरीच्या सायकलवरून सूं करत तिच्या बाजूने निघून जायचा, कारण पुढचा कोपरा गाठायचा असे. असं चार दिवस चाललं होतं. त्याची पाठ तिला आता त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ झाली होती.

"आज तरी दुसऱ्या कुणाला द्या ना ते जाकीट," ती सायकल त्याच्याजवळ नेत म्हणाली.

"अगं, ह्यांना जमत नाही. काल त्या बाईंनी अर्ध्यातच कोपरा सोडला."

"मला तुमच्याशी बोलायचंय."

"मग बोल की."

"इथे?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे हेल्मेटचे पट्टे लावत होते. "संध्याकाळी बोलू," तो म्हणाला आणि गाइडबाईंच्या मागे गेलाही.

दुपारी एका मळ्याच्या तळघरात जेवण झालं. पिंपांच्या रांगा, थंड ओलसर भिंती, आणि मालक प्रत्येक पेला भरताना त्या त्या वर्षाच्या पावसाची कहाणी सांगत होता. डेंटिस्टांनी एकाही वर्षावर अन्याय केला नाही. वर येताना मास्तर पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहून डोकी मोजत होता. "सगळे ना?" गाइडबाईंनी विचारलं. "सगळे," तो म्हणाला. त्या स्वतः मोजायच्या कधीच्याच बंद झाल्या होत्या.

पुढे चढ होता. त्या चढावर डेंटिस्ट सायकलसकट वेलींच्या पहिल्या रांगेत शिरले. मनगट बघता बघता सुजलं. त्यांच्या मागे ती होती आणि तिच्या मागे शेपूट. शेपटाने फोन करून व्हॅन बोलावली. गाडी खालच्या मोठ्या रस्त्याने आली.

तिने वर पाहिलं. चढाच्या टोकाला, रस्ता फुटतो तिथे, एक पिवळा ठिपका असणार. तिथवर धापा टाकत जायचं, तो हात बघायचा आणि 'मागे पडू नकोस' ऐकायचं. तिने सायकल व्हॅनकडे वळवली.

"माझी पण सायकल टाका वर," ती शेपटाला म्हणाली. "मी गाडीतून येते."

"मास्तरांना सांगायला..."

"ते येतील. ते कुठे हरवणारेत?"

शेपटाने गाइडबाईंना फोन लावला, मनगटाचं सांगितलं आणि गाडी निघाली. तिला आणि तिच्या सायकलीला वाटेत बोटीपाशी उतरवून शेपूट डेंटिस्टांना घेऊन दवाखान्यात गेला.

बोटीवर तिने अंघोळ केली, कपडे बदलले आणि डेकवर दोन खुर्च्या ओढून शेजारीशेजारी लावल्या. सगळे यायच्या आधी तिला तेवढाच एकांत होता. वाक्य तिने दोनदा मनात म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी 'धरून बसू नका' जरा जास्त झणझणीत वाटलं, पण असू दे म्हणाली.

एकेक जण येऊ लागला. सायकली खाली ओळीने लागल्या. हा दिसेना. सायकली मोजत बसला असेल, ती मनात म्हणाली. कॅप्टनने इंजिन सुरू केलं. खालच्या अंगाला नदीवर बांध होता, त्याचे दरवाजे बोटींसाठी ठरलेल्या वेळीच उघडत. ती वेळ हुकली की रात्र इथेच काढायची आणि उद्याच्या सगळ्या बेतावर पाणी.

गाइडबाई डेकवर आल्या, हाताचं बोट नाचवत माणसं मोजू लागल्या, थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.

"मास्तर कुठेत?"

"मोजणाराच राहिला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. तिला हसू आलं नाही.

गाइडबाईंनी शेपटाला फोन लावला. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांना वाटलं होतं, शेपटाने जाताना मास्तरांना कोपऱ्यावरून उठवलं असेल. शेपटाला वाटलं होतं, त्या उठवतील. मग सगळ्यांनी मास्तरांना फोन लावायला सांगितलं. तिने लावला. खालच्या खोलीत, त्याच्या उशीखाली, तो वाजला. सायकलवर फोन न्यायचा नाही, असा त्याचा नियम होता.

आता सगळे तिच्याकडे बघत होते. जणू तीच त्याला कुठेतरी ठेवून विसरून आली होती.

"पण इतका वेळ?" एक बाई म्हणाल्या. "माणसाला कळत नाही का, की कुणी येत नाहीये?"

"नाही कळत," ती म्हणाली. "त्यांना थांब म्हटलं की थांबतात." आणि गाइडबाई सायकलकडे वळल्या तशी तिने त्यांना अडवलं. "तुम्ही कॅप्टनचं बघा. नवरा माझा आहे, मीच आणते."

गाइडबाईंनी कागदावर काढून दिलेली वाट घेऊन ती निघाली ती तणतणतच. ऊन उतरलं होतं, वेलींच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, नदी खाली चमकत होती. बघण्यासारखं होतं सगळं, आणि तिला त्यातलं काही बघायचं नव्हतं. अंघोळ करून बदललेले कपडे पुन्हा घामाने भिजले. अरे, माणूस आहेस की मैलाचा दगड? अख्खा जन्म हा असा कुणाच्यातरी कोपऱ्यावर उभा राहिला. जगाला वाट दाखवली आणि बायको मागे धापा टाकतेय ते दिसलं नाही. आता तिला ना तास हवा होता ना एकांत. ती वाक्य सायकलवरून न उतरताच त्याच्या तोंडावर फेकणार होती. ते वेलींसमोर तिने मोठ्याने म्हटलंसुद्धा. मळ्यात काम आवरणाऱ्या एका माणसाने डोकं वर करून पाहिलं.

तो तिथेच होता.

रस्ता फुटतो तिथल्या दगडाशी तो पिवळ्या जाकिटात उभा होता, पण तिच्याकडे पाठ करून, चढाच्या खालच्या बाजूला बघत. सायकल खांबाला टेकवलेली. रस्त्यावर, धुळीत, छाटलेल्या वेलींच्या काड्यांचा एक बाण रचून ठेवला होता. काड्या सगळ्या एका मापाच्या मोडलेल्या. चाकांचा आवाज आला तसा तो वळला. सवयीने त्याचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"तू तिकडून कशी?" तो म्हणाला.

"बोट अडकून पडलीय तुमच्यापायी. सगळे कधीचे पोचले."

"ते माहितीय. पुढचे होते ते गेले इथून."

"मग? शेपूट आला नाही, म्हणून इतका वेळ उभे राहिलात? जरा अक्कल चालवायची. आज आला नाही म्हणजे काहीतरी झालं, असं समजून निघायचं."

"शेपटाचं काय," तो म्हणाला. "तो इथलाच आहे. त्याला वाट पाठ आहे."

"मग कुणासाठी थांबलात?"

फळ्यावर लिहिलेलंच विचारणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तू गेली नव्हतीस," तो म्हणाला.

ती सायकलवरून उतरली. हँडल धरून नुसती उभी राहिली.

"खाली बघून यावं असं वाटत होतं," तो सांगू लागला. त्याचा आवाज जरा बसला होता, पाणीही प्यायला नसावा. "पण मी कोपरा सोडला आणि नेमकी तू आलीस तर? तू डावीकडे गेली असतीस. तुला वाट माहीत नसली की तू डावीकडेच वळतेस. म्हणून त्या झाडापर्यंत जायचो आणि परत यायचो. तिथून हा फाटा दिसतो." त्याने पायाने बाण दाखवला. "हा अंधार पडला तर असावा म्हणून केला."

"अंधारात काड्या दिसतात होय?"

त्याने बाणाकडे पाहिलं. "ते नाही लक्षात आलं," तो म्हणाला.

तिचा राग गेला नव्हता. तो होता तेवढाच होता, फक्त आता तो कुठे ठेवावा हे तिला समजेना. गाडीतून गेले, हे सांगायला तिने तोंड उघडलं.

"मी व्हॅनने गेले. डेंटिस्ट पडले, त्यांच्याबरोबर."

"लागलं का त्यांना?"

"मनगट."

"तुला?"

"मला काय होतंय?"

"बरं झालं," तो म्हणाला. सांगायचं तरी होतंस, असं तो म्हणाला नाही. तिने वाट पाहिली, पण तो म्हणालाच नाही. त्याने तिच्या खांद्यावरून मागे नजर टाकली. "तुझ्यामागे अजून कुणी?"

"कुणी नाही. मीच शेवटची."

तेव्हा त्याने जाकिटाची चेन खाली ओढली, जाकीट काढलं, घडी घातली आणि आपल्या बास्केटमध्ये ठेवलं.

उतारावर रस्ता दोन सायकलींपुरता रुंद होता. तो तिच्या बाजूने चालवत होता. बॅटरी संपली होती की त्याने बंद केली होती, कोण जाणे. खालून बोटीचा भोंगा वाजला. त्याने वेग वाढवला नाही.

"तुला बोलायचं होतं ना," तो म्हणाला. "चार दिवस तुझे ओठ हलतायत."

तिने समोर बघत सांगितलं. "मी लेकीकडे राहायला जाणार आहे. एकटी. किती दिवस, ते ठरवलं नाहीये."

म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की वाक्याचा शेवट वेगळाच झाला. पण ते परत घ्यावंसं तिला वाटलं नाही.

 वेलींच्या रांगा मागे सरकत होत्या. त्याच्या सायकलीची साखळी कुरकुरत होती आणि तिला वाटलं, की आता हा 'जा की' म्हणणार. नेहमीसारखं.

"तिच्या स्टेशनापासून घरापर्यंत," त्याने विचारलं, "वळणं किती आहेत?"

"कशाला?"

"असंच."

भोंगा पुन्हा वाजला. नदी आता समोर दिसत होती, बोट दिसत होती, डेकवर उभी राहून हात हलवणारी माणसंही दिसत होती. ती मनातल्या मनात स्टेशनातून बाहेर पडली. आधी बँक, मग ती बेकरी, मग शाळेची भिंत.

"तीन," ती म्हणाली. "दुसरं जरा फसवं आहे. तिथे मी नेहमी डावीकडे जाते."