ऑरिन सटफेनचा उंटतोंड्या

आमच्या न्यू जर्सीच्या जुन्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला घोड्याचं तोंड, त्याखाली नांगर, आणि दुसऱ्या बाजूला ढाल असते. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे दोन ठशांतले घोडे कधी एकसारखे नाहीत. एकाचं तोंड सापासारखं, एकाच्या आयाळीची जणू वेणी घातलेली. एकाचं नाक असं काही फुगलंय की आम्ही त्याला उंटतोंड्या म्हणतो. हा उंटतोंड्या बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या नाण्यावर ठोकलेला असतो. भिंग धरलं तर खालच्या नाण्याच्या खुणा अजून डोकावतात.

ऑरिन सटफेनच्या उंटतोंड्यावर नांगराशेजारी कनेटिकटच्या नाण्याची चार अक्षरं उलटी दिसायची. त्याच्या वडिलांना तो मक्याचं शेत नांगरताना सापडला होता. गेली दोन-तीन वर्षं मोतीबिंदूमुळे ऑरिनला धड दिसत नव्हतं. या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. घरी येऊन त्याने पहिल्यांदा नाणं भिंगाखाली धरलं, तर अक्षरं गायब. घोडा तोच, ठसा तोच, पण नाणं वडिलांचं नव्हे.

आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचा शरदातला मेळावा अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये असतो. तिथे कॉफी घेताना त्याने हे मला सांगितलं. मुलीला विचारलं तर आपल्यावर संशय घेतला म्हणून ती रुसून बसली म्हणाला. आता विचारायचं तरी कुणाला?

मेळाव्यात एक खेळ असतो. ज्यांच्याकडे ठरलेला प्रकार आहे त्यांनी आपलं नाणं टेबलावर मांडायचं, नावाशिवाय, नुसता क्रमांक लावून. बाकीच्यांनी बघून सगळ्यांत चांगल्या नाण्याला मत द्यायचं. मतं मोजून होईपर्यंत मालकाने तोंड उघडायचं नाही. यंदा पाळी उंटतोंड्याची होती, गेल्या वर्षीसारखीच. ऑरिनने ते परकं नाणं मांडलं आणि रांगेवरून भिंग फिरवत निघाला. चौथ्या नाण्यापाशी त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"हे बाबांचं," तो कुजबुजला.

मी म्हटलं, सांग की सगळ्यांना. तो म्हणाला, इथे बोललो तर कुणाला तरी चारचौघांत चोर ठरवल्यासारखं होईल. आणि जागेवर जाऊन बसला. हातातली कॉफी गार झाली.

चौथं नाणं पहिलं आलं. मालक म्हणून उभा राहिला वेंडेल ट्रूएक्स, ऑरिनचा चाळीस वर्षांचा दोस्त. ऑरिनचा चेहरा मला बघवेना.

वेंडेल मात्र खुशीत होता. गेल्या वर्षी आपलं नाणं सगळ्यांत शेवटी आलं होतं, म्हणाला, तेव्हापासून रोज सकाळी उंटाच्या केसांच्या कुंचल्याने हळुवार घासतोय. बघा, रंग कसा उजळला, नांगरसुद्धा स्पष्ट झाला.

ऑरिन म्हणाला, "वेंडेल, कुंचल्याने चकाकी येते रे. अक्षरं उगवतात का?"

वेंडेलने भिंग लावलं. नांगराशेजारी चार उलटी अक्षरं होती. मग त्याला आठवलं. गेल्या वर्षी निघताना त्यानेच दोघांची नाणी कागदी पाकिटांत भरली होती, ऑरिनला दिसत नव्हतं म्हणून. आणि भरताना तो मतांवरून ब्यूला अ‍ॅपगरशी हुज्जत घालत होता.

"म्हणजे वर्षभर मी तुझ्या बापाचं नाणं घासत बसलो?"

"आणि तुझं माझ्या डब्यात पडून होतं."

"तरीच यंदाही शेवटी आलं. लेका, कधी तरी हात फिरवायचास की त्याच्यावर."

आधी ऑरिन हसला, मग सगळा हॉल. वेंडेलने नाणं कडेने उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटवली.

ब्यूला आमची चिटणीस. तिने खडू हातात घेऊन विचारलं, आता फळ्यावर जिंकणारा कोण म्हणून लिहू?

"वेंडेलच लिही," ऑरिन म्हणाला. "मेहनत त्याची आहे."

वेंडेलने एकदाही नको म्हटलं नाही. उलट तिच्यामागे उभा राहून अक्षर जरा मोठं काढ म्हणून सांगत होता. ऑरिनचं तिकडे लक्षच नव्हतं. तो खिडकीपाशी जाऊन उजेडात नाणं फिरवून बघत बसला होता.